पडतात म्हणून चालणं बंद करायचं का?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून थोडक्यात देते.

"माझं वय ६४, यजमानांचं ७१. ते शाळामास्तर होते. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं कळलं. गोळी सकाळी आठला, दुपारी दोनला जेवणाबरोबर आणि रात्री आठला. हाताची थरथर बरीच कमी आहे, पण गेलं वर्षभर तोल जातो. या पावसाळ्यात तीनदा पडले. एकदा पहाटे लघवीला उठले आणि खाटेपासून चार-पाच पावलांवर कोसळले. एकदा दुपारी चारच्या सुमारास मी चहाला हाक मारली, तर मधल्या दारात पाय अडकले आणि तोंडावर आले. तिसऱ्यांदा खळ्यात जास्वंदीची फुलं काढत होते, गडग्यापलीकडून शेजाऱ्याने हाक दिली, वळले आणि पाठीवर पडले. हाड मोडलं नाही ही रवळनाथाची कृपा. घर जुनं, चिऱ्यांचं. प्रत्येक दाराला उंबरठा, न्हाणी आणि संडास मागच्या पडवीला लागून. मुलगा विरारला असतो, म्हणतो घराला कुलूप लावा आणि इकडे या. मुलगी म्हणते, बाबांना एका जागी बसवून ठेव, सगळं हातात दे. हे कुणाचं ऐकत नाहीत. 'माका काय जाला नाय' म्हणतात आणि माझी नजर चुकवून उठतात. मी रात्री पदराचं टोक त्यांच्या मनगटाला बांधून झोपते. दिवसभर हात धरून मागे मागे असते. चकरेची गोळी दुकानातून आणली आहे, ती देते. पूर्वी गावच्या भजनात मृदंग वाजवायचे, आता तेही बंद. माझी कंबर कामातून गेली आहे. ह्यांचं चालणं बंद करू का? की घर सोडू?"

ताई,

उत्तर आधीच देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. मास्तरांचं चालणं बंद करू नका. घराला कुलूप लावायचा निर्णयही इतक्यात घेऊ नका. या दोन्हींच्या आधी करून पाहण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळसं तुमच्या दोघांच्या हातातलं आहे.

मुलीचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण एका जागी बसवलेल्या माणसाच्या मांड्यांतली ताकद काही आठवड्यांतच उतरते. पार्किन्सन्समध्ये स्नायू आधीच ताठरलेले असतात. बसून बसून कंबर, गुडघे, घोटे आणखी आखडतात, पाठीचा बाक वाढतो, पोट साफ होत नाही, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरायचं प्रमाणही वाढतं. पडू नये म्हणून बसवायचं आणि बसवल्यामुळे पडण्याची कारणं वाढवायची, असं ते होतं. शिवाय माणूस उठतोच. चोरून, घाईने, एकट्याने केलेलं चालणं सगळ्यात धोक्याचं. त्यापेक्षा उघडपणे, ठरल्या वेळी आणि तयारीने चाललेलं बरं.

मास्तर ऐकत नाहीत याबद्दलही थोडं बोलायला हवं. आपण चालतो तेव्हा पाय कुठे पडतोय याचा विचार करत नाही. मेंदूच्या आतल्या भागात ते काम आपसूक चालू असतं आणि त्यासाठी डोपामाइन नावाचं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये ते तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि मग जे आपोआप व्हायचं ते दर वेळी मुद्दाम करावं लागतं. पाय घसरला, धक्का लागला, तर तुमचं-माझं पाऊल आपल्या नकळत बाजूला पडतं आणि आपण सावरतो. मास्तरांचं पाऊल तेवढ्या वेळात उचलत नाही, हातही पुढे येत नाही, म्हणून ते थेट तोंडावर नाहीतर पाठीवर येतात. यात निष्काळजीपणा कुठेच नाही. थरथर कमी करणारी गोळी तोलाच्या बाबतीत तेवढी उपयोगी पडत नाही, हेही माहीत असू द्या. गोळ्या चालू असून पडतात, म्हणून गोळ्या वाया गेल्या असं समजू नका. मनाने तर त्या मुळीच बंद करू नका, अचानक थांबवल्या तर प्रकृती गंभीर होऊ शकते.

काही जणांना या आजारात धोक्याचा अंदाजच नीट येत नाही. काही जणांना गावासमोर बायकोने हात धरून चालवणं सहन होत नाही. मास्तरांचं यातलं काय आहे ते तुम्ही ओळखाल. दोन्हींत रागावून उपयोग होत नाही, त्यांना सोबतीला घेतलं तर होतो. एक वही करा. प्रत्येक पडणं आणि पडता पडता वाचलेलंही त्यात लिहायचं: किती वाजता, कुठे, त्याआधी काय चाललं होतं, शेवटची गोळी कधी घेतली होती, आणि पुढे पडले की मागे. अक्षर बारीक झालं असेल, या आजारात होतं, तर मास्तरांनी सांगावं आणि तुम्ही लिहावं. आयुष्यभर हजेरी मांडलेला माणूस आहे, हे काम ते मनापासून करतील असं मला वाटतं.

वहीचं पहिलं पान तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही तिन्ही वेळा 'तोल जातो' म्हणता. मला मात्र त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात, आणि तिन्हींवर एकच उपाय नाही.

पहाटेचं पडणं घ्या. झोपेतून उठून चार-पाच पावलांत कोसळणं म्हटलं की पहिला संशय रक्तदाबाचा. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं आणि शरीर शिरा आवळून ते वर पोचवतं. पार्किन्सन्समध्ये ही यंत्रणा मंदावते. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी (शरीरात तिचंच डोपामाइन होतं), रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटसाठी देतात त्यातल्या काही गोळ्या त्यात भर घालतात. खात्री करणं सोपं आहे. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला सांगा: पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. यावर औषधं आहेत, चालू गोळ्यांत फेरफारही करता येतो.

तोवर पहाटे उठताना घाई नको. आधी खाटेवरच पावलं वर-खाली हलवायची, मग कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसायचं, उशाशी ठेवलेलं पेलाभर पाणी प्यायचं, मग धरून उभं राहायचं आणि उभ्या जागी थोडं थांबून पहिलं पाऊल टाकायचं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली सहा-एक इंचांचे भक्कम लाकडी ठोकळे घालून घ्या, डोक्याकडची बाजू उंच राहिली की पहाटेचा रक्तदाब कमी उतरतो. ठोकळा सरकणार नाही अशी खाच सुताराकडून करून घ्या. मीठ वाढवायचं की नाही ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण हृदय आणि मूत्रपिंड पाहूनच ते ठरतं. पहाटे चालत जायलाच नको, असं करता आलं तर सगळ्यात उत्तम. लघवीचं भांडं खाटेशी ठेवा. मास्तरांना लाज वाटेल. त्यांना सांगा, रात्रीपुरतं भांडं घेतल्याने दिवसा बागेत फिरणं टिकणार आहे.

चकरेच्या गोळीबद्दल नीट वाचा, इतर घरांनीही वाचावं. दुकानातून कोणती गोळी आणली ते तुम्ही लिहिलं नाही. चक्कर, उलटी, मळमळ, आम्लपित्त यांवर आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही औषधांनी पार्किन्सन्स वाढतो, कारण ती डोपामाइनच्या कामातच अडथळा आणतात. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड ही त्यातली नावं. लेव्होसल्पिराइड तर पित्ताच्या जोडगोळ्यांत दडलेलं असतं. पाकिटावर ही नावं शोधा आणि सापडली तर आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. पुढे कुठल्याही कारणाने, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य 'ह्यांना पार्किन्सन्स आहे' हेच असू द्या. आपल्याकडे खाजकुयलीच्या बियांचं चूर्णही देतात. त्या बियांत मुळात लेव्होडोपाच असतो, तेव्हा चूर्ण आणि गोळी दोन्ही घेतली तर मात्रा नकळत वाढते. घरात जे जे घेतलं जातं ते सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, काहीही मागे ठेवू नका.

मधल्या दारातलं पडणं निराळं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि धड पुढे जात राहतं. अरुंद दार, वळण, गर्दी, घाई, कुणाची हाक, फोनची घंटा, इथे हे हमखास होतं. औषधाचा असर उतरलेला असेल तर जास्तच. आता वेळ पाहा: दुपारचे चार. सकाळी आठच्या गोळीचा असर तोवर केव्हाच संपलेला, आणि दोनची गोळी जेवणाबरोबर. लेव्होडोपा आणि जेवणातली प्रथिनं आतड्यातून रक्तात जायला एकाच वाटेने धडपडतात. बांगड्याचं तिखलं नाहीतर डाळ-उसळ भरपूर असेल त्या दिवशी गोळी मागे राहते. मासे बंद करायचे नाहीत, प्रथिनांची त्यांना गरज आहे. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, किंवा जेवणानंतर तासाभराने. रिकाम्या पोटी मळमळलं तर बरोबर थोडी पेज. आठ आणि दोन यांमधलं अंतर फार होतंय का, हे न्यूरोलॉजिस्टना विचारा. नुसती वेळ बदलून दुपार सुधारलेली माणसं मी पाहिली आहेत.

पाय अडकले की तुम्ही काय करता? बहुतेक हात धरून पुढे ओढत असाल. प्रेमाचा माणूस तेच करतो, आणि त्यानेच माणूस तोंडावर येतो, कारण धड तुमच्याबरोबर पुढे जातं आणि पाय तिथेच राहतात. ओढू नका, 'चला, चला' असंही म्हणू नका. बाजूला, किंचित मागे उभ्या राहा आणि म्हणा, 'थांबा.' मास्तरांनी पाठ सरळ करायची, श्वास घ्यायचा, वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर, असं दोन-तीनदा डोलायचं आणि मग एक मोठं पाऊल उचलून टाकायचं. त्यांच्या पुढ्यात तुमचं पाऊल आडवं ठेवलंत आणि 'हे ओलांडा' म्हटलंत, तरी पाय सुटतो. आपोआप चालायची वाट अडली की डोळ्यांनी पाहून किंवा कानांनी ऐकून चालायची दुसरी वाट मेंदूत मोकळी असते, तिचा हा फायदा.

म्हणून तो मृदंग मला महत्त्वाचा वाटतो. तालावर पाऊल टाकलं की पार्किन्सन्सच्या माणसाचं चालणं पुष्कळदा मोकळं होतं, यावर जगभर अभ्यास झाले आहेत. मास्तरांच्या अंगात तर ठेका मुरलेला आहे. दारापाशी येताना त्यांनी मनातल्या मनात भजनाचा ठेका धरावा, तुम्ही हलकी टाळी द्या, किंवा टाळच वाजवा. चाल फार जलद नको, संथ ठेका घ्या. बोटं पूर्वीसारखी चालत नसतील तरी भजनाला बसायला जाऊ द्या त्यांना. जाऊन भिंतीला टेकून बसायचं, खाली नाही, खुर्चीवर.

उंबरठे उपटायची घाई करू नका. कित्येकांचे पाय सपाट जमिनीवर अडकतात आणि समोर उंबरठा आला की तो मात्र नीट ओलांडतात. दोन-तीन दिवस नुसतं पाहा की मास्तर नक्की कुठे अडकतात, उंबरठ्याच्या अलीकडे की उंबरठ्यावर. पाऊल घासत टाकत असतील आणि बोटं लाकडाला लागत असतील, तर तो काढा. नाहीतर त्याला ठसठशीत पिवळा रंग द्या आणि अलीकडे जमिनीवर, चालायच्या दिशेला आडव्या, एकेका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावा. पट्टी ओलांडत पुढे जायचं. दाराच्या चौकटीशी धरायला दांडा बसवा. आणि चहाला हाक मारू नका, ताई. चहा ते बसलेत तिथे न्या, किंवा जवळ जाऊन सांगा.

आता खळ्यातलं पडणं. हे मला तिन्हींत जास्त काळजीचं वाटतं, कारण पाठीवर पडणाऱ्याला काही धरता येत नाही आणि डोकं आपटतं. त्या एका क्षणात किती गोष्टी झाल्या बघा. हात वर फांदीकडे, बहुतेक टाचा उचललेल्या, दुसऱ्या हातात फुलं, लक्ष फुलांत, तेवढ्यात मागून हाक आणि जागच्या जागी गर्रकन वळणं. यातली एकच गोष्ट असती तर कदाचित सावरले असते. एका वेळी एकच काम, हा इथला नियम. चालताना बोलायचं नाही. बोलायचं तर थांबून, काहीतरी धरून. हातात वस्तू नको, फुलांसाठी खांद्याला झोळी. उंचावरची फुलं तुम्ही काढा, कमरेच्या उंचीवरची त्यांनी. वळायचं तर जागेवर नाही, आगराला वळसा घालावा तसं दोन-चार पावलं पुढे जात मोठं वळण घ्यायचं. मागे पाऊल टाकत कुठेही जायचं नाही, आणि खुर्चीत बसताना दोन्ही पायांच्या पोटऱ्यांना खुर्चीची कड लागल्याशिवाय बसायचं नाही. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा: मास्तरांना मागून हाक मारू नका, पुढ्यात येऊन बोला. अशी गोष्ट अख्खी वाडी एका दिवसात शिकते.

घराचं म्हणाल तर पावसाळ्यात खळं आणि मागची पायरी यांवरचं शेवाळ हा सगळ्यांचाच शत्रू. आपल्याकडे घसरू नये म्हणून वाटेवर माडाची झापं घालतात. चांगल्या पायांना ती उपयोगी, पण पाऊल घासत चालणाऱ्याची बोटं त्यात अडकतात. मास्तरांच्या वाटेवर झापं नकोत, पायपुसणी नकोत, पोतीही नकोत. ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशने ती एक वाट घासून घ्या, पाऊस असेपर्यंत पुन्हा पुन्हा. सगळं खळं घासायची गरज नाही. संडासात कमोड किंवा वरून ठेवायची कमोड-खुर्ची हवी. दोन्ही बाजूंना दांडे हवेत, आणि चिऱ्याची भिंत भुसभुशीत असेल तर नुसत्या प्लग-स्क्रूने दांडा धरत नाही. गवंड्याकडून लोखंडी पाइप सिमेंटमध्ये बसवून घ्या आणि आधी तुम्ही लटकून पाहा. न्हाणीत बसून आंघोळ, पाण्याचं भांडं कमरेच्या उंचीवर. आतून कडी नको. लुंगी पायात येते, तिच्याऐवजी घोट्याच्या वर राहणारा पायजमा. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल. वीज जाते तेव्हा आपोआप लागणारा बॅटरीचा दिवा खाटेशी आणि पडवीत.

काठी किंवा वॉकर मनाने आणू नका. उचलून ठेवायचा चार पायांचा वॉकर पार्किन्सन्समध्ये बऱ्याचदा त्रासाचाच ठरतो. उचला, ठेवा, पाऊल टाका, यात चालण्याची लय तुटते आणि माणूस मागे कलंडतो. ब्रेक असलेला चाकांचा वॉकर काहींना चांगला जमतो, पण चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि पाणंदीत तो चालत नाही. फिजिओथेरपिस्टसमोर वापरून पाहूनच ठरवा.

व्यायामाबद्दल एकच ठाम सांगते: तोलाचा व्यायाम वेगळा असतो आणि तो शिकावा लागतो. २०१२ साली एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला अभ्यास आला होता. पार्किन्सन्स असलेल्या १९५ जणांत आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. ताई-ची म्हणजे संथपणे, मुद्दाम, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेत केलेल्या हालचाली. ताई-ची शिकवणारा वेंगुर्ल्यात मिळाला नाही तरी तत्त्व तेच ठेवून फिजिओथेरपिस्ट व्यायाम बसवून देतील. ओट्याच्या कठड्याला धरून, मागे खुर्ची आणि बाजूला तुम्ही, अशा बेताने करायचा, आणि गोळीचा असर चांगला असेल त्या वेळी.

विरारचं काय करायचं? मुलगा आईवडिलांना जवळ बोलावतोय, त्याला दुखवू नका. पण फ्लॅटमध्ये पडणं थांबेल ही समजूत तपासा. उंबरठे आणि शेवाळ नसेल. मात्र अरुंद पॅसेज, चिंचोळं बाथरूम, गुळगुळीत चकचकीत फरशी, सोफा-टीपॉयमधली वाट, पाय अडकायला हे सगळं तिथे आहेच. पहाटेचा रक्तदाब विरारलाही उतरेल. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपी आणि रात्री मदतीला धावणारा मुलगा आहे, ही बाजूही खरी, आणि ती लहान नाही. माझं मत असं: दिवाळीनंतर महिनाभर जाऊन या. कुलूप लावायला म्हणून नको, तपासायला आणि शिकायला म्हणून. नाहीतर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तुम्हाला विरारपेक्षा कितीतरी जवळ आहे, आधी तिथे दाखवा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्था रुग्ण आणि घरच्यांसाठी काम करतात, मुलाला त्यांच्याशी बोलायला सांगा. दांडे, कमोड-खुर्ची, दिवे यांचा खर्च आणि गवंड्यासमोर उभं राहायला चार दिवसांची रजा, हेही त्याच्याकडे स्पष्ट मागा.

घर सोडायची वेळ कधीच येणार नाही, असं मी म्हणत नाही. पडणं आठवड्यावर आलं, घास घशात अडकायला लागला, नसलेली माणसं दिसू लागली, किंवा तुम्हीच अंथरुणाला खिळलात, तर एकटीने गावात रेटायचं नाही. त्या दिवशी जाणं म्हणजे हरणं नव्हे.

आता तुमच्याबद्दल. पदर सोडा, ताई. ते पडले तर गाठीने तुम्हीही ओढल्या जाल, आणि अंधारात तोच पदर पायात येईल. खाटेला बिनतारी घंटीचं बटण बांधा, ते स्वस्तात मिळतं. भांडं उशाशी असलं की तुमचीही झोप सलग होईल.

आणि पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उचलायचं नाही, एकटीने तर कधीच नाही. आधी तिथेच राहू द्या. विचारा, कुठे दुखतंय. मांडीच्या सांध्यात कळ असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार असेल, शुद्ध हरपली असेल, तर हलवू नका आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचंच. काही नसेल तर कुशीवर वळवा, मग हातांवर आणि गुडघ्यांवर येऊ द्या, समोर जड लाकडी खुर्ची ठेवा (प्लास्टिकची सरकते), तिच्यावर हात टेकून एक पाऊल पुढे आणि मग उभं. दुसरी खुर्ची मागून सरकवायची. ही उठायची रीत पडायच्या आधी, चांगल्या दिवशी, सतरंजीवर करून ठेवा. उठता येतं हे कळलं की पडण्याची भीती उतरते. भीतीने आखडलेलं पाऊल जास्त अडखळतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हाडांबद्दल विचारा. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासून घ्यायला हवी, पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते टाळू नये. ज्यांच्या घरी आजार कळल्यापासून वर्षभरातच पडणं सुरू झालं, तेही मागे, आणि नजर खाली वळवायला त्रास होतो, त्यांनी हे न्यूरोलॉजिस्टना मुद्दाम सांगावं. पार्किन्सन्ससारखे दिसणारे दुसरे आजार असतात आणि त्यांचा रस्ता वेगळा असतो. मास्तरांचं पडणं पाच वर्षांनी सुरू झालं, त्यामुळे तुम्ही त्या भीतीत पडू नका.

भेटीला जाताना वही न्या आणि फोनवर दोन व्हिडिओ न्या. एक गोळीचा असर चांगला असतानाचा, एक दुपारी चारचा, मधल्या दारातून येतानाचा. डॉक्टरांच्या खोलीत शिरताना बहुतेक जण एरवीपेक्षा बरे चालतात, त्यामुळे घरची अडचण तिथे दिसतच नाही. व्हिडिओ काढताना फोन शेजारच्या मुलाच्या हातात द्या, आणि तुम्ही मास्तरांच्या बाजूला उभ्या राहा.